पंपिंग साठ टक्के, मग दम का लागतो?

पेशंट नीट आडवाही झालेला नसतो, मी जेलच्या बाटलीला हात लावलेला नसतो, आणि दाराशी उभा असलेला मुलगा किंवा जावई विचारतो, "मॅडम, पंपिंग किती आहे?"

मिरजेत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करत बसलं की हा प्रश्न मराठीतही येतो आणि कानडीतही. जतकडचे, अथणीकडचे, विजापूरकडचे पेशंट इथेच येतात. त्यामुळे "श्वास धरा" आणि "उसिरु हिडीरी" दोन्ही दिवसभर तोंडात असतं. डाव्या कुशीवर वळा, डावा हात डोक्याखाली घ्या, दिवा घालवते, घाबरू नका, जेल गार लागेल. भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" असा फलक. हृदयाचं मशीन असलं तरी तो लावावाच लागतो, आणि सत्तरीच्या आजीबाई तो वाचून हसतात.

तर पंपिंग. कागदावर आम्ही त्याला ईएफ लिहितो. डाव्या कप्प्यात भरताना १०० मिली रक्त आलं आणि एका ठोक्यात ६० मिली बाहेर पडलं, तर ईएफ ६०. साधारण ५५ च्या वर असला की नॉर्मल. ४० किंवा त्याखाली गेला की औषधांची ठरलेली यादी सुरू होते, आणि ती व्हायलाच हवी. पण हा आकडा काढतो कसा? पडद्यावर चित्र थांबवायचं, कप्प्याची आतली कड बोटाने गिरवायची, एकदा भरलेल्या अवस्थेत, एकदा रिकाम्या, आणि हे दोन वेगवेगळ्या कोनांतून. बाकी हिशोब मशीन करतं. माणूस जाड असेल, दम्याचा असेल, तर ती कड धुक्यातच असते. दोन डॉक्टरांच्या हातात चार-पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. आणि घरचे मात्र दोन फायली शेजारी ठेवून विचारतात, "गेल्या वेळी ३५ होतं, आता ३० लिहिलंय, गोळ्या लागू पडेनात का?"

माझं म्हणणं एवढंच आहे की हा आकडा म्हणजे निदान नव्हे. हृदय कमी पडतंय, म्हणजे हार्ट फेल्युअर आहे, हे तर पायावरची सूज आणि रात्री दोन उशा घेऊन बसून काढलेली झोपच सांगते. ते का कमी पडतंय, हे शोधायला इको, एमआरआय, सीटी. रिपोर्टमध्ये "का" याची ओळ नसेल तर तो रिपोर्ट अर्धाच आहे असं मी मानते, मग त्यावर कितीही रंगीत फोटो चिकटवलेले असोत.

हे मशीन मुळात जन्मालाच "का" शोधायला आलं. १९५३ साली स्वीडनमध्ये लुंड इथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ वैतागले होते. मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली) आकसलेल्या पेशंटची शस्त्रक्रिया तेव्हा सुरू झाली होती. पण झडप नुसती आकसली आहे की गळतीही आहे हे छाती उघडण्याआधी खात्रीने कळत नसे, आणि गळती असेल तर ते ऑपरेशन अंगलट यायचं. त्यांची गाठ पडली हेल्मुथ हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाशी. माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र होतं. ते शनिवार-रविवारपुरतं मागून आणून हर्ट्झनी स्वतःच्या छातीला लावून पाहिलं. त्या ऑक्टोबरात दोघांनी हृदयाच्या हलत्या भिंतीचे प्रतिध्वनी टिपले. आजचं चित्र कुठल्या कुठे गेलं, प्रश्न मात्र एडलरांचाच आहे.

आता एका माळकरी बाबांची गोष्ट सांगते. गाव, वय, दोन-चार तपशील बदलले आहेत. बाबांच्या पोटात पाणी भरायचं. दुसरीकडे कुठेतरी दोन-तीनदा सुई घालून काढलंही होतं. यकृताचा आजार म्हणून उपचार चालू होते आणि प्रत्येक नवा डॉक्टर आधी विचारायचा, "दारू किती घेता?" गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात थेंब घेतला नाही. माझ्याकडे आले तेव्हा चेहरा असा की आता तुम्हीही विचारून घ्या. आधीचा इको होता: ईएफ ६०, नॉर्मल. म्हणून हृदयाकडे पुन्हा कोणी पाहिलंच नव्हतं.

मानेच्या शिरा मात्र बसलेल्या माणसाच्याही कानाच्या पाळीपर्यंत फुगलेल्या. इको लावला. यकृताकडून हृदयाकडे येणारी मोठी नीला ठाणठाण भरलेली. "नाकाने जोरात श्वास ओढा" म्हटलं तरी आकसेना. मग मधला पडदा पाहिला. दोन कप्प्यांमधली ती भिंत एरवी शांतपणे हलते. इथे ती प्रत्येक ठोक्याला झटका देत होती, आणि श्वास घेतला की डावीकडे, सोडला की उजवीकडे सरकत होती. रक्ताचा वेग मोजणारा डॉप्लर लावला तर श्वास आत घेताना डाव्या कप्प्यात येणारं रक्त एकदम घटायचं, सोडताना पुन्हा वाढायचं. आणि गंमत म्हणजे स्नायूचा स्वतःचा वेग उत्तम होता. स्नायू धडधाकट, पण त्याला फुगायला जागाच नाही. एक बाजू भरली की दुसरीच्या वाटणीची जागा जाते, म्हणून ती भिंत इकडून तिकडे ढकलली जाते.

सीटी केल्यावर हृदयाभोवती पांढरी कड दिसली. आवरणात कॅल्शियम साठून नारळाच्या करवंटीसारखं कडक झालेलं. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण टीबी. बाबांना विचारलं तर म्हणाले, "लष्करात असताना एकदा छातीत पाणी झालं होतं, नऊ महिने गोळ्या खाल्ल्या." ही गोष्ट आजवर कोणी विचारली नव्हती आणि त्यांना सांगावीशी वाटली नव्हती. सर्जननी ते आवरण सोलून काढलं. हे ऑपरेशन लहान नाही, जोखीम बरीच असते. पण त्यानंतर त्यांच्या पोटात सुई घालायची वेळ आली नाही. हार्ट फेल्युअरमध्ये असा मुळापासून सुटणारा पेशंट क्वचित भेटतो, म्हणूनच तो "नॉर्मल" या शब्दाखाली दडून राहिला तर जास्त चीड येते.

नेहमीचं कारण अर्थातच ब्लॉकेज. तिरुवनंतपुरमला २०१३ साली हार्ट फेल्युअरने भरती झालेल्या १,२०५ पेशंटची नोंद ठेवली, त्यात ७२ टक्क्यांच्या मुळाशी रक्तवाहिन्यांचा आजार होता. इकोवर ते बहुतेक वेळा ओळखू येतं: सगळं हृदय सारखं मंद नसतं, पुढची भिंत आणि टोक पातळ होऊन निपचित, बाकीच्या भिंती जोर लावून काम ओढत असतात. पुढचा प्रश्न, ती भिंत मेली आहे की नुसती गप्प बसली आहे? इथे एमआरआय. गॅडोलिनियम हे चित्रात उठून दिसणारं औषध शिरेत टोचून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की व्रण पांढरा उठतो, जिवंत स्नायू काळा राहतो. हार्ट अटॅकचा व्रण आतल्या कडेपासून बाहेर पसरतो. मायोकार्डायटिसचा, म्हणजे स्नायूला आलेल्या सुजेचा, बरेचदा बाहेरच्या कडेला असतो. भिंतीच्या मधोमध बारीक रेघ दिसली तर गोष्ट वेगळीच. त्या रेघेची जागा पाहूनच अर्धं निदान होतं.

पण चित्र चांगलं आलं म्हणून उपाय आपोआप ठरत नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ७०० पेशंटचा अभ्यास आला. पंपिंग फार कमी, ब्लॉकेज बरेच, आणि स्नायू जिवंत असल्याचा पुरावा. तरीही स्टेंट टाकलेल्यांत आणि फक्त औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने भरती होणं सारखंच निघालं. "एमआरआयमध्ये जिवंत दिसलं, लगेच स्टेंट टाका" असं घाईने सांगणाऱ्याला, या अभ्यासाचं काय, एवढं जरूर विचारावं.

एमआरआयचा दुसरा उपयोग मला फार आवडतो. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना सतत रक्त चढवावं लागतं, त्यातलं लोह हृदयात साठतं. हा आजार ज्यांच्यात जास्त आढळतो त्या उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांना हे सांगायला नको. इको बराच काळ चांगलाच दिसतो. एमआरआयमधलं टी-टू-स्टार नावाचं माप १० मिलिसेकंदांच्या खाली गेलं की धोका मोठा, आणि लोह काढायची औषधं तेव्हाच वाढवली तर हृदय वाचतं.

मग ते निवृत्त मास्तर. बीपीची जुनी तक्रार, पण गेल्या दोन वर्षांत बीपी "आपोआप बरं झालं" आणि गोळ्या सुटल्या, याचा त्यांना कोण आनंद! इकोवर भिंती १६ मिलिमीटर जाड. नॉर्मल साधारण ११ पर्यंत. सगळे म्हणाले, बीपीमुळे. पण जाड स्नायूचा ईसीजी ठसठशीत यायला हवा, यांचा मात्र मुंगीच्या चालीसारखा बारीक. मी त्यांचे हात पाहिले. दोन्ही मनगटांवर ऑपरेशनच्या जुन्या खुणा, बोटांना मुंग्या यायच्या म्हणून नस मोकळी केलेली. स्ट्रेन काढला, म्हणजे स्नायूचा प्रत्येक तुकडा किती आखडतो त्याचा गोल नकाशा: मध्यभागी टोकाची जागा लालभडक, भोवती सगळं फिकट. हा नमुना अमायलॉइडचा. स्नायू वाढलेला नव्हताच, त्यात प्रथिनाचा गाळ साचला होता. आधी रक्त-लघवीत त्याचा रक्तविकाराशी संबंध असलेला प्रकार नाही ना ते तपासलं, मग पुण्याला टेक्नेशियमचा स्कॅन झाला. टेक्नेशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ जोडलेलं रसायन एरवी हाडांत जाऊन बसतं, यांच्यात हृदयात जाऊन बसलं. बायोप्सीची गरज उरली नाही. औषध आहे, पण किंमत ऐकून मास्तर म्हणाले, "माझी पेन्शन तुम्हाला माहीत आहे ना?" तरीही नाव कळल्याने फरक पडला. त्यांना बाधणाऱ्या गोळ्या थांबल्या आणि पाणी कमी करायच्या गोळ्यांचा मेळ बसला.

जे चित्रात दिसत नाही तेही सांगायला हवं. कप्पे फुगलेले, सगळ्या भिंती सारख्याच मंद, रक्तवाहिन्या साफ. असं हृदय दारूनेही होतं, बाळंतपणानंतरच्या महिन्यांतही होतं, काही केमोथेरपींनीही, महिनोन्‌महिने धावत राहिलेल्या ठोक्यांनीही, आणि जनुकातून आलेलंही असतं. पडद्यावर ही पाचही सारखी दिसू शकतात. तिथे प्रोब खाली ठेवून विचारत बसावं लागतं: शेवटचं बाळंतपण कधी, स्तनाच्या कॅन्सरवर कुठलं औषध दिलं होतं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का.

गेल्या आठवड्यात एका तिशीतल्या ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नावर बायको पटकन म्हणाली, "मोठे दीर उसाच्या फडात गेले, झटका म्हणाले." मी रिपोर्टखाली लिहून दिलं: सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा इको व ईसीजी करून घ्यावा. धाकटा भाऊ बाहेर बाकावर बसला होता. म्हणाला, "मला काय झालंय? मी पोती उचलतो." वहिनीने त्याच्याकडे न बघता काउंटरवर त्याच्या नावाची पावती फाडायला सांगितली.