आजीच्या घरी पोचलेलं चिपोंडे

आफ्रिकेतल्या मलावीत आईबाप गेलेलं मूल बहुधा अनाथालयात जात नाही, 'अगोगो'कडे जातं. अगोगो म्हणजे आजी किंवा आजोबा. मार्च २०२४मध्ये दुष्काळामुळे तिथल्या २८पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली. मका करपला की न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, बंद. तेच तर रोजचं जेवण.

अशा घरात मुलाचे आधी पाय बघायचे. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबायचं. खळगा तसाच राहिला तर ती कुपोषणाची सूज. असं मूल गुबगुबीत दिसतं, म्हणून नजरेतून सुटतं. मग दंडाचा घेर: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर तीव्र कुपोषण.

मूल मलूल असेल, खातच नसेल तर थेट रुग्णालय. तिथे पहिले काही दिवस भरपेट देत नाहीत. एफ-७५ हे पातळ दूध दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं. उपाशी शरीरावर एकदम अन्न लादलं तर रक्तातले क्षार ढासळतात, हृदय दगा देतं. लोहाचं औषधही सुरुवातीला नाही.

भूक चांगली असेल तर घरीच चिपोंडे, म्हणजे कुपोषित मुलांसाठीचं पाकिटातलं तयार अन्न: शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० किलोकॅलरी. पाच किलोच्या मुलाला दिवसाला दोन. त्यात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून शेजारी स्वच्छ पाण्याचा पेला हवाच.

बिघडतं ते इथे. घरात चार नातवंडं, पाकिटं एकाची. आजी वाटून देणारच, आणि तिला दटावण्यात काही अर्थ नाही. बाकीच्यांसाठी पीठ आणि डाळ सोबत दिली नाही तर वजन हलत नाही. रिकामी पाकिटं मोजली तरी कोणी खाल्लं ते कळत नाही. पुरेसं खाऊनही वजन वाढत नसेल तर मलेरिया, क्षय, एचआयव्ही तपासायचं. सूज असलेल्या मुलाचं वजन मात्र आधी घटतं, कारण अंगातलं पाणी उतरतं. हे आजीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं, नाहीतर ती घाबरून चिपोंडे बंद करते.

सहा महिन्यांखालच्या बाळाला चिपोंडे चालत नाही. पावडरचं दूध द्यायची वेळ आली तर उकळलेलं पाणी, डब्यावरचंच माप आणि बाटलीऐवजी उघडा कप. कप नीट धुता येतो. पावडर पुरवायला म्हणून दूध पातळ केलं की पोट भरतं, बाळ वाळत जातं.