वीस हजार शब्द

आज ऑफिसात ट्रेनिंग होतं, विषय टीमवर्क, आणि ट्रेनरने स्लाइड लावली, बायका दिवसाला 20,000 शब्द बोलतात आणि पुरुष 7,000, सायन्सने प्रूव्ह झालंय म्हणे. सगळे खो खो हसले, मी पण हसले, मग स्वतःचाच राग आला. कारण तेव्हा सलग चाळीस मिनिटं तो एकटाच बोलत होता हो!

घरी येऊन शोधलं. 2007 मध्ये कॉलेजच्या 396 मुलामुलींना रेकॉर्डर लावून खरंच मोजलं होतं, दोघंही साधारण 16,000. संपला विषय. आता सगळे स्टुडंट्सच होते, म्हणून तेही शेवटचं उत्तर नाही हे मान्य, पण निदान मोजलं तरी!

एकोणिसाव्या शतकात ब्रोका नावाचा मोठा डॉक्टर मेंदूंचं वजन करायचा, बायकांचा हलका भरला की म्हणायचा बुद्धी कमी, शरीरच लहान असतं हे माहीत असूनही. तराजू बरोबर होता, निष्कर्ष आधीच ठरलेला.

फरक नसतातच असं मी म्हणतच नाहीये, उंची, हार्मोन्स, आहेतच की. पण सरासरीतला फरक दाखवून समोरच्या एका बाईला 'तू अशीच' कसं काय म्हणता?

ट्रेनरला विचारलं, सोर्स काय? म्हणाला, मॅडम, लाइटली घ्या.