उधारीची वही कोर्टात द्यावी लागणार

सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो म्हणजे फोन कमी येतील. हो, माझं कृषी सेवा केंद्र बंद झालंय, कायमचं. बियाणं, खत, औषधं तिन्ही परवाने परत द्यायचा अर्ज कृषी खात्यात दिलाय, जीएसटी नंबर रद्द करायला टाकलाय, आणि शटरची चावी जागामालकाकडं आहे. आता पुढचा नंबर जिल्हा कोर्टातल्या नादारीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या अर्जाचा. त्याच्याबद्दल लिहायलोय कारण आपल्याकडं अमक्याचं दिवाळं निघालं तमक्याचं दिवाळं निघालं असं मोंढ्यात उठता बसता बोलतात, पण खरोखर कागदावर दिवाळं कसं काढायचं हे विचारलं तर कुणाला धड सांगता येईना, एका वकिलानं तर मला सरळ "असलं काही आता राहिलं नाही" म्हणून चहा पाजून वाटेला लावलं.

हिशोब असा आहे. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्ज, २५ लाखाची, सगळी वापरलेली, घर तारण. डिस्ट्रीब्युटरांचे १४ लाख, आणि त्यांच्याकडं माझ्या सहीचे कोरे चेक. एका सावकाराचे पाच लाख, महिन्याला शेकडा तीन रुपयानं. पाहुण्यारावळ्यांचे हातउसने चारेक लाख. झाले ४८. आणि दुसऱ्या बाजूला घराची किंमत २८ धरली आणि लोकांकडं असलेली उधारी ३८ लाख धरली तर कागदावर मी बुडालोच नाही, उलट सावकार आहे असं दिसतंय! पण त्या ३८ मधले बावीसेक लाख तीन वर्षांच्या आधीचे, म्हणजे मुदतबाह्य, कोर्टातून वसूल होत नाहीत. शेतकऱ्यानं तीन वर्षांच्या आत "एवढं देणं आहे" म्हणून सही केली असेल तर मुदत नव्यानं सुरू होते, पण दहावीला सोबत असलेल्या मित्राच्या बापाला कोण म्हणणार की काका इथं सही करा.

उधारी दिली कशाला म्हणणारे पुण्या-मुंबईचे लोक असतात. तालुक्याच्या गावात रोखीवर कृषी केंद्र चालवून दाखवा मग बोलू. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशाला, त्यात सुटतं काय तर हमाली, आणि कंपनी खतासोबत लिंकिंगमधी जो न खपणारा माल गळ्यात मारती तो वेगळाच. पैसा सुटतो तो बियाण्यात आणि औषधात, आणि ते जून ते ऑगस्टमधी लागतं, जेव्हा शेतकऱ्याच्या खिशात काहीच नसतं. मग तो म्हणतो मालावर देतो. माल म्हणजे सोयाबीन. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजाराच्या वर गेलं होतं, तेव्हा सगळ्यांनी जुनं फेडलं, मी पण नवीन रॅक केले, सीसी वाढवून घेतली. त्याच्यानंतर भाव जो उतरला तो उतरलाच. २०२४ ला हमीभाव ४,८९२ आणि मोंढ्यात चार हजाराच्या आसपास, तेही ओलावा काढून, आणि २०२५ च्या सप्टेंबरात पाण्यानं उभी पिकं नेली. ज्याच्या शेतातली मातीच वाहून गेली त्याला "मालावर म्हणाला होतात" असं कुठल्या तोंडानं म्हणायचं.

एक गोष्ट मात्र मला खटकते ती बोलतो. २०१७ ला कर्जमाफी झाली दीड लाखापर्यंत, २०१९ ला झाली दोन लाखापर्यंत, चांगलंच झालं, माझ्याही चुलत्याची झाली. पण ती बँकेच्या पीककर्जाची. शेतकरी हंगामात बँकेपेक्षा जास्त उधार आमच्यासारख्या दुकानातून उचलतो हे सगळ्यांना माहिती आहे, आणि आमची वही कुठल्याच सरकारी हिशोबात नाही. आम्हाला माफी द्या असं म्हणत नाही, पण पंचनाम्याला येणारा माणूस आमच्या दुकानात बसून चहा पितो आणि आमचं काय गेलं ते मात्र कधी विचारत नाही.

आता कायदा. शेवटी परभणीला एक म्हातारे वकीलसाहेब भेटले, त्यांनी कपाटातून पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. २०१६ ला नवीन दिवाळखोरी संहिता आली ती तुम्ही ऐकली असेल, त्यात साध्या माणसासाठी पण आख्खा भाग आहे, अगदी गरीब कर्जदाराला नव्यानं सुरुवात करू देणारी सोय सुद्धा लिहिलेली आहे, पण तो भाग माझ्यासारख्या प्रोप्रायटरला अजून लागूच केलेला नाही. लागू झाला तो फक्त कंपनीला जामीन राहिलेल्या लोकांना, १ डिसेंबर २०१९ पासून. त्यामुळं मुंबई, कोलकाता, चेन्नई सोडून बाकीच्यांना अजून १९२० चा नादारीचा कायदा. इंग्रजाच्या काळातला, आणि त्यातले आकडे तेव्हाचेच. कर्ज पाचशे रुपये असलं तरी अर्ज करता येतो. नादार ठरल्यावर सुटका मिळेपर्यंत, म्हणजे कोर्ट जुन्या देण्यातून मोकळं करेपर्यंत, कुणाकडून पन्नास रुपये किंवा जास्त उधार घेतलं आणि त्याला आपण नादार आहोत हे सांगितलं नाही तर सहा महिन्यापर्यंत कैद. म्हणजे पेट्रोल पंपावर दोनशेचं उधार टाकायचं असलं तर आधी जाहीर करावं लागणार. ग्रामपंचायतीला पण उभं राहता येत नाही, आमच्या वॉर्डातल्या काही लोकांची त्यानं मोठी सोय होणार आहे.

मला वाटायचं एकदा नादार ठरलं की सगळं थांबतं. तसं नाही. बाकीच्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय वसुलीचा दावा लावता येत नाही एवढं खरं, पण ज्याच्याकडं तारण आहे तो आपल्या तारणावरून वसूल करू शकतो, म्हणजे घर बँकेचंच. चेक बाउन्सच्या केसला पण हे कवच नाही, ती फौजदारी असते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसात पैसे दिले नाहीत की केस, दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पटीपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. सरकारचं देणं तर सुटका मिळाली तरी सुटत नाही. जप्तीतून सुटणाऱ्या वस्तूंची यादी वकीलसाहेबांनी वाचून दाखवली, अंगावरचे कपडे, भांडीकुंडी, अंथरूण पांघरूण, कारागिराची हत्यारं, आणि धर्माप्रमाणं बाईनं अंगावरून उतरवायचा नसतो तो दागिना. घरी येऊन बायकोला सांगितलं की मंगळसूत्राला कोर्ट हात लावत नाही. ती म्हणाली, "ते पतसंस्थेत हाय, तिथं जाऊन सांगा."

बँकेची सरफेसी कायद्यातली, म्हणजे तारण ताब्यात घ्यायच्या कायद्यातली, १३(२) ची नोटीस आली तेव्हा पैसे भरायला ६० दिवस मिळाले होते. ते संपायच्या आतच घराची किंमत काढणारा व्हॅल्युअर आला. पोरगेलासा होता, एकटाच, हातात टेप आणि मोबाईल. समोरची खोली मोजायला दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं तर आईनं जाऊन धरलं. त्याला वाटलं असेल हिला माहिती नाही आपण कशाला आलोय, पण तिला सगळं माहिती होतं. देवघराच्या कोनाड्यापाशी त्यानं टेप जरा ढिला धरला तर तीच म्हणाली, "नीट वढ, तिथं आत अजून वीतभर हाय, ते बी मोज." मग त्याला पोहे खाऊ घातले. तो गेल्यावर म्हणाली की बाबानं बांधलंय, कमी भाव लागला तर बरं नाही वाटायचं.

दाजींचा सल्ला वेगळा. त्यांचं म्हणणं, "तुमची चार एकर जमीन आजच बायकोच्या नावानं करून टाका, बक्षीसपत्र करा, कोण काय करतंय." असा सल्ला प्रत्येक घरात एक माणूस देतोच, आणि तो बऱ्याचदा दाजीच असतो. वकीलसाहेबांनी एका वाक्यात निकाल लावला, दोन वर्षांच्या आत केलेला असा फुकटचा व्यवहार रिसिव्हर, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्ट नेमतं तो माणूस, मोडून काढू शकतो, आणि वरून कोर्टाचं मत वाईट होतं ते वेगळं. शेतजमीन बँकेला सरफेसीखाली घेता येत नाही हे खरं, पण रिसिव्हरला ते बंधन नाही. दाजी अजून रुसलेले आहेत. बायकोनं सरळ सांगितलं, "माझ्या नावावर कशाचं बी काही करू नका, मला कोर्टात उभं राहायचं नाही."

देणं कुणाचं आधी फेडायचं याच्यावर तर घरात रोज भांडण. जो जास्त ओरडतो त्याला आधी, असाच आपल्याकडचा रिवाज. बँकेचे वसुलीवाले निदान वेळेचं बंधन तरी पाळतात, आरबीआयनं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायला मनाई केली आहे आणि मी ते त्यांना एकदा ऐकवलं तेव्हापासून साडेसातचा फोन बंद झाला. सावकाराला असलं काही लागू नाही, तो लग्नात पण भेटतो. परवानावाल्या सावकाराला सुद्धा बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्याच्या वर घेता येत नाही आणि हा ३६ नं घ्यायलाय, परवाना तर नाहीच. सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडं तक्रार करता येते. केली तर काय होईल ते गावातल्या माणसाला सांगायची गरज नाही, तरी मी अर्ज लिहून ठेवलाय.

मला सगळ्यात जास्त लागलं ते दुकानातल्या पोराचं. चार महिन्याचा पगार थकलाय त्याचा. नोकराचा पगार बाकीच्यांच्या आधी द्यायचा असं त्या १९२० च्या कायद्यातच आहे, हे ऐकून मला जरा बरं वाटलं होतं, मग वकीलसाहेबांनी चष्मा वर करून पुढची ओळ वाचली. चार महिन्याच्या कामाचे, सगळे मिळून जास्तीत जास्त वीस रुपये! तेव्हा वीस रुपयाला किंमत असेल. आम्ही दोघंही हसलो, खरं म्हणजे हसण्यासारखं काही नव्हतं. त्या पोराला मी काटा आणि इन्व्हर्टर नेऊन ठेव म्हणालो होतो, तर वकीलसाहेब म्हणाले असं एकट्याला काही देऊ नका, अर्जाच्या आधी तीन महिन्यात आपण ज्यांचं देणं लागतो त्यातल्या एखाद्याला मुद्दाम झुकतं माप दिलं तर ते पण उलटतं. म्हणजे ज्याचं खरंच द्यायचंय त्याला देता येत नाही. तो पोरगा सध्या दुसऱ्याच्या दुकानात लागलाय आणि परवा मलाच म्हणाला, "भाऊ, टेन्शन घेऊ नका, माझं बगू नंतर." त्याचं मी मजुरी करून देणार आहे, कायदा काहीही म्हणो, सुटका मिळाल्यावर देणार आहे.

आणि आता वही. अर्जात आपण कुणाचं किती देणं लागतो हे नावगावासकट लिहावं लागतं, आणि आपली सगळी मालमत्ता पण, हिशोबाच्या वह्यांसकट कोर्टाच्या हवाली करावी लागते. लोकांकडं येणं असलेली उधारी ही मालमत्ताच. म्हणजे नादार मी ठरणार आणि नोटिसा जाणार माझ्या गिऱ्हाइकांना, रिसिव्हरकडून. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि याच्यावरच मी कितीतरी दिवस अडून बसलो होतो. वहीत सगळ्या तऱ्हेचे लोक आहेत. मास्तर आहेत दोघं, महिन्याला पगार घेतात आणि पाच वर्षं झाली मला बघितलं की गाडी दुसऱ्या गल्लीत घालतात. एक गुत्तेदार आहे, नवीन फोर व्हीलर आहे त्याच्याकडं. यांना नोटीस गेली तर मी पेढे वाटीन. पण त्याच वहीत एक बाई आहे जिच्या नवऱ्यानं माझ्याकडून नेलेलं औषधच पिलं. एकोणीस हजार आहेत तिच्या नावावर. ते पान मी फाडायला निघालो होतो. वकीलसाहेब म्हणाले पान फाडलं की आख्ख्या वहीवर संशय येतो, मग सुटकेच्या वेळी तेच आडवं येतं. तिचं मुदतीच्या बाहेरचं आहे, २०२० चं, सही नाही, रिसिव्हरला त्यात काही करता येणार नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. तरी तिच्या घरी मी स्वतः जाऊन आलो आणि सांगितलं की कुणी आलं, कशावर सही कर म्हणालं, तर करू नको. तिनं विचारलं, "तुमचं कसं चालायलंय भाऊ?" मी म्हणालो चाललंय.

तर वही जशी आहे तशी जाणार. त्याआधी एक काम आहे म्हणून हे सगळं लिहिलं. माझ्या वहीत ज्यांचं नाव आहे त्यांनी येऊन आपला हिशोब बघून घ्या. काही जणांनी दिलेले पैसे गर्दीत लिहायचे राहून गेले असतील, विशेषतः पोळ्याच्या टायमाला, त्यांनी पावती नाहीतर फोनपेचा मेसेज घेऊन या, मी तारखेसकट जमा करून सही देतो. ज्यांचं खरंच देणं आहे आणि ज्यांना जमतंय त्यांनी पैसे माझ्या हातात देऊ नका, वकीलसाहेबांकडं पावती करा. घरी या, दुकानात नका जाऊ. सकाळी दहाच्या आत, कारण त्यानंतर मी आडतीवर असतो, काट्यावर बसायलोय सध्या, रोज सहाशे मिळतात. मास्तरांनी कधीही यावं, त्यांच्यासाठी मी सुट्टी टाकीन.