मिग घेऊन नाशिकहून पुण्याला: पहिली मॉडेल कॉम्पिटिशन

पुण्यात कोथरूडला डिसेंबरात एका हॉबी क्लबचं गेट-टुगेदर होतं, त्यात स्केल मॉडेलची, म्हणजे खऱ्या वस्तूच्या प्रमाणात केलेल्या छोट्या प्रतिकृतींची, स्पर्धा होती आणि मी पहिल्यांदाच एंट्री टाकली. नाशिक, नगर, संभाजीनगरकडून पुढच्या वर्षी कुणी जाणार असेल तर त्याच्या उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तरच लिहितोय.

मॉडेल कुठलं करायचं हा प्रश्नच नव्हता. बाबा ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत होते, आमचं लहानपण ओझर मिगच्या टाऊनशिपमध्ये गेलं. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, 1963 पासूनची 62 वर्षं संपली, आणि त्या दिवशी बाबा कार्यक्रम संपेपर्यंत टीव्हीसमोरून हलले नाहीत. तेव्हाच ठरवलं की टाईप 96 करायचं, म्हणजे मिग-21 एम, जे ओझरलाच बनायचं. किट घेतलं एडुआर्ड कंपनीचं 1/72 चं मिग-21 एमएफ, कारण एम आणि एमएफमध्ये मुख्य फरक इंजिनाचा आहे. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा 7.15 मीटर, 1/72 मध्ये तो जेमतेम 10 सेंटिमीटर होतो, तळहातावर मावतं अख्खं विमान.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून मॉडेल डोळ्याजवळ नेलं आणि पहिलं वाक्य काय, तर "पिटो मधोमध नसते रे, 96 ला ती उजवीकडे सरकलेली असते." पिटो म्हणजे हवेचा वेग मोजणारी, नाकावरून पुढे निघालेली लांब नळी. बघितलं तर खरंच, मी ती नाकाच्या वर बरोबर मध्ये चिकटवली होती. जुन्या टाईप 77 मिगची मध्ये असायची, फोटो बघताना मी दोन्ही एकत्र केले होते. मग ती काढून परत लावली, चाकांच्या डिस्कपण त्यांच्या सांगण्यावरून परत हिरव्या केल्या, आणि एका दिवसात संपेल वाटलेलं काम आठवडाभर चाललं. पण त्या आठवड्यात बाबा रोज संध्याकाळी टेबलापाशी खुर्ची ओढून बसायचे, तर तो वेळ माझ्यासाठी फार मोलाचा आहे.

आता प्रवास. सकाळी सहाची बस घेतली. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असं करत साधारण पाच तास लागतात. मॉडेल केकच्या प्लास्टिक डब्यात, खाली फोम, वर मांडीवर बॅग. चूक अशी झाली की चाकं फोमवर नुसती टेकवली होती, बांधली नव्हती. मंचरच्या अलीकडे एका स्पीडब्रेकरला डबा उडाला आणि पिटो मुळापासून तुटली. मी घाईघाईने चहाच्या स्टॉपवर सुपरग्लूचा थेंब लावून ती चिकटवली आणि डबा बंद केला, आणि हीच खरी मोठी चूक. सुपरग्लूची वाफ बंद डब्यात कोंडते आणि काचेसारख्या पारदर्शक पार्टवर पांढरी धुरकट साय धरते. कोथरूडला डबा उघडला तर कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच, मोतीबिंदू झाल्यासारखी! आतली सीट, बेल्ट, काहीच दिसेना, माझे तर हातपाय गळाले.

शेजारच्या टेबलावर एक काका रणगाडा मांडत होते. त्यांनी काही न बोलता खिशातून पॉलिशची डबी आणि इअरबड काढले, म्हणाले, हळू हळू गोल फिरव, दाबू नकोस. वीस मिनिटं घासलं, नव्वद टक्के साफ झाली. त्या काकांना मी कधी विसरणार नाही.

म्हणून पहिला सल्ला, प्रवासात सुपरग्लू लावायचा नाही, साधा फेव्हिकॉल न्या, तो वाळला की पारदर्शक होतो आणि काच खराब करत नाही. पिटोसारखे नाजूक भाग शक्यतो पितळेचेच लावा, आणि नाहीच जमलं तर वेगळे नेऊन हॉलमध्ये जाऊन बसवा. मॉडेल फोमवर ठेवताना पोटाच्या आकाराची खाच कापून त्यात बसवा, वजन पोटावर यायला हवं, चाकांवर नको. सोफेवाल्याकडे फोमचे तुकडे मिळतात.

बसने जाणाऱ्यांनी वाकडेवाडीच्या एसटी स्टँडपर्यंत जायची गरज नाही, नाशिक फाट्याला उतरा, तिथूनच मेट्रो धरा, सिव्हिल कोर्टला बदलून वनाझच्या लाईनवर या. रिक्षाच्या धक्क्यांपेक्षा मेट्रोत डबा फार सुखात राहतो. वेळ उरला तर कोथरूडमध्येच जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, एचओ स्केल म्हणजे 1:87, अवश्य बघा, मी परतताना गेलो आणि तासभर रमलो.

जजिंगबद्दल. मला वाटायचं की विमान किती अचूक आहे हे मुख्य बघतात, आणि बाबांच्या पिटोवर मला मार्क मिळतील. तसं नसतं. आधी बघतात काम किती स्वच्छ आहे, म्हणजे जोड दिसतोय का, तिन्ही चाकं टेकतात का, पुढून बघितलं की दोन्ही पंख सारख्या कोनात आहेत का, डेकलखाली, म्हणजे चिकटवलेल्या चिन्हांच्या पातळ स्टिकरखाली, हवा राहून चंदेरी चकाकी आली आहे का. दोन जज होते, हातात छोटे टॉर्च. एकाने टॉर्च थेट नाकात, इनटेकमध्ये मारला आणि आतला जोड दाखवला, जो मी कधी बघितलाच नव्हता कारण घरी मी मॉडेल नेहमी वरून बघायचो. तर सबमिट करण्याआधी घरी अंधारात टॉर्च घेऊन सगळ्या बाजूंनी बघाच, खास करून इनटेक आणि मागचं एक्झॉस्ट. डेकलच्या आधी ग्लॉस कोट नीट द्या, आणि आपल्या तिरंगी गोलाखाली पांढरा बेस मारा, नाहीतर हिरव्या-तपकिरीवर केशरी रंग मळकट दिसतो. पावसाळ्यात लॅकर मारत असाल तर दमट दिवस टाळा, रंग पांढुरका पडतो. आणि आउट ऑफ द बॉक्स, म्हणजे फक्त किटमधलंच सामान वापरून केलेल्या मॉडेलच्या कॅटेगरीत उतरणार असाल तर किटचं सूचनापत्रक बरोबर न्या, माझ्याकडे मागितलं होतं एकाने.

निकाल म्हणाल तर मला ब्रॉंझ मिळालं, सिल्व्हर त्या नाकातल्या जोडामुळे गेलं असं जजने स्वतः येऊन सांगितलं, आणि कसा भरायचा तेही, पुट्टी लावून गोल गुंडाळलेल्या सँडपेपरने. हे मला घरबसल्या कुणी सांगितलं नसतं, आणि म्हणूनच मेडलची आशा असो नसो, एंट्री टाकाच.

रात्री साडेअकराला घरी पोहोचलो तर बाबा जागेच होते. मेडल बाजूला ठेवून त्यांनी आधी डबा उघडला आणि विचारलं, "पिटो परत लावलीस ती सरळ आहे ना?" किंचित वाकडी होती. सकाळी दोघांनी मिळून काढली, आता पितळेची मागवली आहे.