कूलर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? आधी बूड बघा

होळी झाली की माळ्यावरचे, गोठ्यातले कूलर बाहेर निघतात आणि तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात एकच सवाल सुरू होतो: "भाऊ, मोटर जळली, आता नवाच घेऊ काय?" मोटर गेली म्हणून पत्र्याचा कूलर टाकून देणं म्हणजे कासरा तुटला म्हणून बैल विकणं. मोटर, पंखा, पाण्याचा पंप, ताट्या (बाजूच्या गवत भरलेल्या चौकटी), कंडेन्सर (मोटरीला चालना देणारा कपॅसिटर) हे सगळं सुटं मिळतं आणि एकाचं दुसऱ्याला बसतं. सुटा मिळत नाही तो सांगाडा. त्यामुळे निकाल मोटरीवर नाही, बुडावर लावायचा.

प्लग काढून तिन्ही ताट्या उतरवा, टाकी रिकामी करून उन्हात कोरडी होऊ द्या. तळाची पांढरी पापडी आणि गंज खरवडा. आता पेचकसाचं टोक चार कोपऱ्यांत, पत्र्याच्या जोडावर आणि पायांजवळ जोर लावून दाबा. टण्ण आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. कुरकुरीत पापडासारखा आत गेला तर तिथला पत्रा संपला, वर रंग कितीही चकचकीत असो. सपाट भागात दोन-चार बारीक छिद्रं असतील तर फिकीर नाही. आजूबाजूचा पत्रा चमकेपर्यंत घासा, आतून एमसील दाबा, रात्रभर वाळू द्या आणि वरून डांबरी काळ्या रंगाचे दोन हात मारा. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच. घाई केली की तो साबणाच्या फेसासारखा सुटून येतो आणि पंपात अडकतो. जोडच कुजला असेल तर पत्रेवाल्याकडून नवं बूड बसवून घ्या. गंजक्या पातळ पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, एक भोक बुजवताना शेजारी दोन पडतात. उभ्या पट्ट्या आणि मोटर जिच्यावर बसते ती पट्टी शाबूत असेल तरच नव्या बुडाला पैसे घाला. पट्ट्या खालून वीतभर कुजल्या असतील तर तो कूलर संपला, त्याला नवी मोटर घालू नका.

अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात हे बूड लवकर जातं. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. दिवसाला दोनदा टाकी भरली आणि आठ दिवस उपसली नाही, तर १६ टाक्यांचे क्षार एका टाकीत आणि तिच्या ताट्यांवर जमतात. तिथे आठवड्यातून दोनदा तरी टाकी पूर्ण उपसावी. नवा घेताना पत्र्याचं गेज विचारा, आणि ध्यानात ठेवा की गेजचा आकडा मोठा म्हणजे पत्रा पातळ. २४ गेज ऐकून खूश होऊ नका, २० गेज त्याहून जाड असतो.

बूड ठीक निघालं की मोटरीकडे या. "मोटर गेली" म्हणून आलेल्यातल्या बऱ्याच मोटरी गेलेल्या नसतात. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. प्लग काढा आणि पंखा हाताने फिरवा. सैल फिरून हळूहळू थांबला तर संशय कंडेन्सरवर. जड फिरला, घासला तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) किंवा बेअरिंगवर. काठीने पंख्याला ढकलून चालू करायची सवय घरोघरी आहे. त्यानं मोटर फिरते खरी, पण दुबळ्या कंडेन्सरवर ती तापत राहते आणि शंभर रुपयांच्या आतल्या वस्तूपायी वाइंडिंग, म्हणजे मोटरीतली तारेची गुंडाळी, जातं.

कंडेन्सरवर आकडा छापलेला असतो: २.५, ३.१५ किंवा ४ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. हात लावण्याआधी त्याची दोन टोकं जुन्या ६० वॅटच्या बल्बच्या वायरींना टेकवून चार्ज उतरवा. कंडेन्सर मोजणारा मीटर दुकानदाराकडे असतो. ४ चा ३.४ दाखवत असेल तर बदला. नवा त्याच आकड्याचा. "थोडा मोठा टाका, जोरात फिरंल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्यानं स्टार्टिंगचं वाइंडिंग तापतं.

मोटरीचा दांडा धरून वर-खाली हलवा. खडखडला तर बुश झिजला. बुश बदलणं स्वस्त आहे, पण तो ओला ठेवणं त्याहून स्वस्त: हंगामाच्या सुरुवातीला शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. बुशला ग्रीसही नको. बेअरिंगची मोटर असेल तर नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, बहुतेक वेळा ६२०१ किंवा ६२०२. जुनं सोबत न्या.

वाइंडिंग तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. एका स्पीडच्या मोटरीतून तीन वायरी निघतात. कंडेन्सर सोडवून दोन-दोन वायरींचा ओहम मोजा, तीन आकडे मिळतील. सर्वांत मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका आला तर वाइंडिंग तुटलेलं नाही. मग प्रत्येक वायर आणि मोटरीची बॉडी यांच्यात मोजा. तिथे मीटरने ओहमचा कुठलाच आकडा दाखवायला नको. आकडा दाखवला तर तीच तुमच्या कूलरची "करंट मारते" वाली तक्रार, आणि ती दुरुस्त होईपर्यंत कूलर लावायचा नाही.

वाइंडिंग खरंच जळलं असेल (वास लपत नाही) तर वाइंडिंगवाल्याला दोन गोष्टी आधी विचारा: तार तांब्याची की ॲल्युमिनियमची, आणि वार्निश मारून सुकवून देणार का. वार्निशशिवायचं वाइंडिंग कूलरच्या दमट हवेत टिकत नाही. जुन्या मोटरीतून निघालेल्या तांब्याला भंगारात भाव आहे, तो मजुरीतून वजा करायला लावा. ॲल्युमिनियमची मोटर मात्र भरू नका (म्हणजे तिचं वाइंडिंग पुन्हा करू नका), तांब्याची नवीच बसवा. आणि मोटर कशानं जळली हे शोधल्याशिवाय दुसरी बसवू नका. घरात कापूस साठवलेला असेल तर त्याचा पिंजर (उडणारे तंतू) ताट्यांवर थर धरतो, हवा अडते, मोटर थंड होत नाही. तोच पिंजर तेलकट बुशपाशी गोळा होतो.

पंखा मंद फिरतो पण बाकी सगळं ठीक, अशी तक्रार संध्याकाळचीच असेल तर आधी व्होल्टेज मोजा. गावात सगळ्यांचे कूलर एकदम सुरू झाले की २३० चं १८० होतं. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे १८० वर तो जेमतेम ६१ टक्के उरतो. नवा कूलर आणला तरी तो त्याच लाइनवर तसाच रडेल.

मोटर किती खाते हे घरच्या मीटरवर कळतं. घरातलं बाकी सगळं बंद करून कूलर चालवा आणि मीटरवरचा लाल दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुक (3200 imp/kWh) लिहिलं असेल तर १०-११ लुकलुक म्हणजे साधारण २०० वॅट, १८ इंची पंख्याच्या कूलरला हे रास्त आहे. २० आल्या तर पावणेचारशे वॅट. भरलेली मोटर असं खात असेल तर ती नीट भरलेली नाही, परत न्या.

पाण्याच्या पंपाचा निर्णय सोपा आहे. वरची जाळी आणि झाकण काढा, आतली चुंबकाची फिरकी ओढून काढा. पांढरी पापडी बसली असेल तर लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून तासभर भिजत ठेवा, ब्रशने घासा, फिरकी बोटाने सहज फिरली पाहिजे. पंपाची तार ज्यात बंद केलेली असते त्या भागावरचं सील तडकलं असेल, वायरीच्या मुळाशी चीर असेल, तर पंप फेकून द्या. दोनशे-चारशे रुपयांच्या वस्तूसाठी पाण्यात करंट सोडू नये. नवा घेताना खोक्यावर किती फूट पाणी चढवतो ते बघा. उंच कूलरला कमी ताकदीचा पंप लावला की वरच्या पन्हाळीत पाणी पोचतच नाही आणि दोष ताट्यांना जातो.

"हवा गरम येते" या तक्रारीवर मोटरीला हात लावायची गरजच नसते. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगली भिजलेली ताटी हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरवते. वूडवूलचं गवत एका हंगामात खाली बसतं, वर चार बोटं मोकळी फट राहते आणि तिथून नुसती झळ आत येते. दरवर्षी गवत बदला, फट दिसली की वरून कोंबा. समोरचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी ठेवा, नाहीतर ओली हवा खोलीतच कोंडते. मृगाचा पाऊस पडला की मात्र कुठलाच कूलर थंड करत नाही, तेव्हा बिचाऱ्याला जुना झाला म्हणू नका.

बॉडीला टेस्टर लावल्यावर दिवा लागला तर बाकी हिशेब बाजूला. तीन पिनांचा प्लग, खरी अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पियरचं आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) या तीन गोष्टी नसतील तर पहिला खर्च त्यांचाच. दोन पिनांच्या बोर्डात लावलेला नवा कोरा कूलरही तितकाच धोक्याचा. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटायचा.

प्लॅस्टिकच्या कूलरचं गणित उलटं आहे. त्याचं बूड सडत नाही, पण आतलं सामान त्याच कंपनीचं लागतं. रिमोटचं सर्किट गेलं तर नवं शोधत हिंडू नका. मिस्त्री ते काढून साधं बटण आणि स्पीडचा स्विच बसवून देतो. मोटर मात्र विचित्र मापाची असेल आणि तालुक्याला मिळत नसेल, किंवा टाकी ज्या जागी मोटरीचं वजन झेलते तिथे तडकली असेल, तर खर्च करू नका.

हिशेब करताना सगळी कामं एकत्र धरा. मोटर, बूड, ताट्या मिळून नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर नवा घ्या, निम्म्याच्या आत असेल तर जुनाच. शिवरात्रीच्या आसपास काम दिलं तर वाइंडिंगवाला वार्निश सुकू देतो. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दिलं तर ओलीच मोटर हाती ठेवतो, कारण मागे वीस जण उभे असतात.

जुना भंगारात द्यायचा ठरला तर आख्खा देऊ नका. पंखा, स्टँड, चालू कंडेन्सर, पन्हाळ्या काढून ठेवा. ताट्यांच्या चौकटी नव्याला मापात बसल्या तर ठीक, नाही बसल्या तर कोंबड्यांच्या खुराड्याला दार होतं.