तिच्या जागी मी नाचले नाही

बॅले नाचणाऱ्याची कारकीर्द बहुतेक वेळा चाळिशीच्या अलीकडेच आटोपते. मी नाचणं थांबवून नृत्यरचना करायला लागले, तेव्हा "अजून नाचता येतंय की, मग का सोडलंस?" असं घरच्यांनीही विचारलं होतं. दादरच्या एका नाट्यगृहात तोच प्रश्न प्रयोगाच्या दुपारी समोर आला.

ऐन जुलै. रंगीत तालीम चालू होती. नाटकाच्या रंगमंचावर बॅले करायचा तर आधी फळ्यांवरून हात फिरवून खिळे शोधायचे, मग व्हिनाइलचे पट्टे अंथरून सांधे चिकटपट्टीने बंद करायचे. पावसाळ्यात बुटांचीही काळजी. पॉइंट शूचा, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायच्या बुटाचा, कडक पुढचा भाग कापड, कागद आणि खळीच्या थरांचा असतो. दमट हवेने आणि घामाने तो लवकर मऊ पडतो. म्हणून मुली प्रयोगाचा जोड वेगळा ठेवतात.

मुख्य नर्तिकेने ग्राँ जते, म्हणजे पाय फाकवून घ्यायची ती लांब उडी, घेतली आणि उतरताना तिचा घोटा मुरगळला. बघता बघता सूज चढली. बर्फ लावला, पट्टी बांधली आणि आईबरोबर तिला एक्स-रे काढायला पाठवलं.

मोठ्या बॅले कंपन्यांत प्रत्येक भूमिकेसाठी दुसरी नर्तिका तयार असते. मुंबईत तुष्ना डल्लास यांची शाळा 1966 पासून बॅले शिकवते आहे, तरी आमच्यासारख्या छोट्या गटांतल्या मुली कॉलेज, नोकरी सांभाळून येतात. राखीव कोण असणार?

"ताई, तुम्हीच करा ना. तुम्हाला सगळं पाठ आहे." पाठ होतंच, माझ्याच अंगातून निघालं होतं. मोहही झाला. पण मी वर गेले असते तर खालून बघायला कुणी उरलं नसतं. नाचताना आपला श्वास आणि जोडीदाराचा हात कळतो. सगळ्यांची मिळून काय आकृती होते आहे, ते प्रेक्षागृहातूनच दिसतं.

नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन आठवला. गुडघ्याच्या दुखापतीने त्याचं नाचणं आखडलं होतं. 1934 मध्ये न्यूयॉर्कला तो विद्यार्थिनींवर 'सेरेनेड' हा बॅले बसवायला लागला. पहिल्या संध्याकाळी 17 जणी आल्या, म्हणून सुरुवात 17 जणींची. पुढे तालमीत एक उशिरा आली, एक पडली. त्याने दोन्ही गोष्टी रचनेत घेतल्या.

मी ठरवलं, तिची जागा भरायची नाही. मुलींची रांग त्या जागेभोवती वळवली. लाइटवाल्या काकांना सांगितलं, तिचा स्पॉट तसाच येऊ द्या. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळ?" आठ मात्रा.

खरी अडचण तिच्या जोडीदाराची होती. तिला उचलायची सवय झालेले त्याचे खांदे नेमक्या मात्रेला आपोआप ताठ व्हायचे, गुडघे किंचित वाकायचे. तो ते मोडायला बघत होता. मी म्हटलं, राहू दे, अगदी तसंच कर. वजन घ्यायला सज्ज झालेलं शरीर, आणि हातांत कुणीच नाही. इतके महिने मी त्या युगुलनृत्यात जे शोधत होते, ते खाली पाचव्या रांगेत बसून मला तेव्हा दिसलं.

प्रयोग झाला. तिचं हाड शाबूत होतं, अस्थिबंध ताणला होता. पुढे ती पुन्हा नाचायला लागली. तिच्यासाठी मी नवा भाग रचला, रिकाम्या जागेचा तो भाग मात्र तसाच ठेवला. तिच्या आईला हे अजून पटलेलं नाही. लेकीची भूमिका गेली असंच त्यांना वाटतं, आणि त्यांच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं.