घाट, घडण आणि घट

जळगावच्या सराफ बाजारातल्या एका पेढीची माहितीपुस्तिका तपासायला आली होती. मूळ इंग्रजी, मराठी मसुदा यंत्राने केलेला. दागिन्याचा आकार, बांधणी, मजुरी, सगळ्याला एकच शब्द: ‘रचना’. ‘रचना शुल्क’ ऐकून तिथले जुने कारागीर म्हणाले, “भाऊ, आम्ही घडणावळ घेतो. हे शुल्क कोण घेतं?”

अशा वेळी मी शब्दाच्या पोटातलं क्रियापद बघतो. रचना म्हणजे रचणं: सुटे भाग एकावर एक किंवा शेजारी मांडणं. विटा रचतात, लाकडं रचतात. सोनं तापवतात, ठोकतात, त्याची तार ओढतात, म्हणजे घडवतात. मूळ संस्कृत धातू घट्. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘ट’चा ‘ड’ झाला (वट-वड, कटु-कडू तसाच), घडइ झालं आणि पुढे आपलं घडणं. त्याला ‘-आवळ’ लागलं की कामाचं मोल: शिवणावळ, दळणावळ, घडणावळ. जेवणावळ मात्र फसवते, ती पंगत.

घाट म्हणजे वस्तू तयार झाल्यावर डोळ्यांत भरतो तो आकार. तांब्याचा घाट, पाटलीचा घाट. म्हणून नमुन्यांच्या पानावर ‘घाट’ आणि दरांच्या पानावर ‘घडणावळ’ असं वाटून दिलं. चेहऱ्याला ठेवण, अंगाला बांधा. हे दोन्ही शब्द मसुद्यात दागिन्यांना चिकटले होते, ते काढले.

व्याकरणकार पतंजलीनेही महाभाष्यात आकृती आणि द्रव्य यांचा वाद सोन्यावरूनच समजावला आहे. सोन्याचा गोळा मोडून रुचक नावाचे दागिने होतात, रुचक मोडून हातातली कडी. आकृती बदलत जाते, द्रव्य तेच राहतं. सराफाच्या पावतीतही हेच दिसतं: दागिना मोडीत घातला तर सोन्याचा भाव मिळतो, घडणावळ परत येत नाही. आणि 22 कॅरेटच्या दागिन्यात शुद्ध सोनं हजारात 916 भागच, हिशेब तेवढ्याचाच.

खरी फजिती शेवटच्या प्रुफात सापडली. ‘मोडीत घट धरली जाईल’ या ओळीत एक काना जास्त पडून ‘घाट’ झाला होता. सांध्यातला डाक (जोड देणारा धातू), आत भरलेली लाख, साचलेला मळ यांचं वजन वजा होतं, ती घट. घाट धरायचा म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाने कुणाला विचारायचं? संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीला दोन्ही शब्द बरोबरच. म्हणून दरांचं पान मी कारागिरांकडून मोठ्याने वाचून घेतलं. ‘घाट’ आल्यावर ते थांबले आणि चष्मा वर करून माझ्याकडे बघायला लागले.